समज, हमी आणि सेवा : किरकोळ गुन्ह्यांसाठी तुरुंगाचे पर्याय आणि न्यायव्यवहाराची मराठी

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :

• किरकोळ गुन्ह्यांसाठी भारतीय कायद्याने तुरुंगाला कोणते पर्याय दिले आहेत, हे सांगता येईल.
• 'समज', 'जामीन', 'जातमुचलका', 'परिवीक्षा', 'सामुदायिक सेवा' या संज्ञांचे अर्थ व त्यांतील अर्थच्छटा स्पष्ट करता येतील.
• हे पर्याय भाषेवर का अवलंबून असतात, याचे विवेचन करता येईल.
• न्यायालयीन आदेशातील मजकूर सामान्य माणसाला कळेल अशा मराठीत मांडता येईल.

५.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण प्रशासनाच्या मराठीचा परिचय करून घेतला. या घटकात न्यायव्यवहाराच्या मराठीकडे वळू. न्यायालयाची भाषा क्लिष्ट असते, ही तक्रार जुनी आहे. तिची चर्चा बहुधा जमिनीच्या दाव्यांच्या किंवा खरेदीखतांच्या संदर्भात होते. येथे आपण वेगळे क्षेत्र निवडले आहे. ज्या माणसाने लहानसा गुन्हा केला आहे आणि ज्याला तुरुंगात न पाठवता सुधारण्याची संधी द्यावी असे न्यायालयाला वाटते, त्या माणसाशी न्यायालय कोणत्या शब्दांत बोलते, हा आपला विषय आहे.

सुरुवात 'शिक्षा' या शब्दापासूनच करू. संस्कृतात 'शिक्षा' म्हणजे शिकवण. सहा वेदांगांपैकी 'शिक्षा' हे वेदांग उच्चारशास्त्राचे आहे. हिंदीत आजही 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र 'शिक्षण' आणि 'शिक्षा' यांची फारकत झाली आणि 'शिक्षा' हा शब्द दंडापुरता उरला. ज्या कायद्यांचा आपण विचार करणार आहोत, त्यांचा प्रयत्न या दोन अर्थांची पुन्हा गाठ घालण्याचा आहे, असे म्हणता येईल.

विवेचन सोपे व्हावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. रत्नागिरीतील एका बंदरावर वीस वर्षांच्या एका तरुणाने नांगरलेल्या होडीतून मासेमारीचे जाळे चोरले. जाळ्याची किंमत चार हजार रुपये. चौथ्या दिवशी तो पकडला गेला, जाळे परत मिळाले, न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. यापूर्वी त्याच्या नावावर कोणताही गुन्हा नाही. रत्नागिरी शहरात विशेष कारागृह आहे आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना त्याला कारावास देण्याचा अधिकारही आहे. परंतु कायदा त्यांच्यापुढे इतर वाटाही ठेवतो. त्या वाटा कोणत्या, हे क्रमाने पाहू.

५.३ विषय विवेचन

५.३.१ वळणमार्गाची संकल्पना

मुंबई–गोवा महामार्गावरून प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने 'वळण रस्ता' ही पाटी वाचलेली असते. पुढे काम चालू असले की वाहने बाजूच्या रस्त्याने काढली जातात आणि थोड्या अंतराने ती मूळ मार्गाला लागतात. गुन्हेगारी न्यायाच्या क्षेत्रातही अनेक देशांनी अशी व्यवस्था केली आहे. किरकोळ गुन्हा करणाऱ्याला तुरुंगाच्या वाटेवरून बाजूला काढायचे, काही काळ अटी घालून देखरेखीखाली ठेवायचे आणि मग पुन्हा समाजाच्या मूळ मार्गाला लावायचे. या व्यवस्थेला आपण या घटकापुरते 'वळणमार्ग' म्हणू. मराठीत 'वळण' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. मुलाला 'वळण लावणे' म्हणजे चांगल्या सवयी लावणे. तोही अर्थ येथे लागू पडतो.

या विचाराच्या इतिहासात एका चर्मकाराचे नाव अग्रभागी येते. अमेरिकेतील बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा पादत्राणे बनवणारा कारागीर होता. १८४१ च्या ऑगस्ट महिन्यात दारूच्या व्यसनाबद्दल न्यायालयात उभ्या केलेल्या एका माणसाला तो जामीन राहिला. तीन आठवड्यांनी तो माणूस सुधारलेल्या स्थितीत न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायाधीशांनी त्याला एक सेंट इतका नाममात्र दंड व खर्च भरायला सांगून सोडले. पुढे ऑगस्टस अनेकांना जामीन राहिला. परिवीक्षा-पद्धतीचा आरंभ या घटनेपासून मानला जातो.

आपल्याकडे मुंबई प्रांताने १९३८ मध्ये अपराध्यांच्या परिवीक्षेसाठी स्वतंत्र कायदा केला. स्वातंत्र्यानंतर देशभरासाठी अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ हा कायदा झाला. महाराष्ट्रात याच विचाराचा एक धाडसी प्रयोग औंध संस्थानात झाला. १९३९ मध्ये आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. तेथील कैदी गंभीर गुन्ह्यांचे होते, म्हणून तो प्रयोग आपल्या विषयाच्या कक्षेत पूर्णपणे येत नाही. तथापि भिंतीऐवजी विश्वासावर विसंबण्याचे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा चित्रपट याच प्रयोगावर बेतलेला होता.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. काही देशांत खटला चालण्यापूर्वीच आरोपीला बाजूच्या वाटेने काढले जाते आणि त्याने अटी पाळल्या तर खटलाच रद्द होतो. भारतात प्रौढांच्या बाबतीत बहुतेक वाटा दोष सिद्ध झाल्यानंतर उघडतात. म्हणजे आपल्याकडे गुन्ह्याचा निर्णय टळत नाही, तुरुंग टळतो. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमात याला अपवाद सापडतो. त्यानुसार, अल्प प्रमाणातील पदार्थाबाबत आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.

५.३.२ समज

१९५८ च्या अधिनियमातील पहिली वाट कलम ३ मध्ये आहे. चोरी, फसवणूक यांसारखे काही नमूद केलेले गुन्हे, किंवा ज्यांना दोन वर्षांपेक्षा अधिक कारावास नाही असे गुन्हे यांत, आरोपी पूर्वी कधीही दोषी ठरलेला नसेल, तर न्यायालय त्याला शिक्षा न देता 'योग्य ती समज देऊन' सोडू शकते. आपल्या उदाहरणातील तरुणाला ही वाट खुली आहे.

'समज' हा शब्द बारकाईने पाहण्यासारखा आहे. 'समजणे' हे क्रियापद संस्कृतातील 'संबुध्यते' या रूपापासून प्राकृतातून मराठीत आले. त्याचा मूळ अर्थ कळणे, जागे होणे. 'त्याला समज कमी आहे' असे म्हणताना आपण आकलनाविषयी बोलतो. 'पोलिसांनी त्याला समज दिली' असे म्हणताना ताकिदीविषयी बोलतो. पोलीस ठाण्यातील 'समजपत्र' हा शब्द याच दुसऱ्या अर्थाचा आहे. दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहणे हा मराठीचा विशेष आहे. मराठी भाषक जेव्हा 'समज देणे' म्हणतो तेव्हा, ऐकणाऱ्याला काही कळले पाहिजे, हे त्यात गृहीत असते.

भाषाविज्ञानात जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने 'भाषिक कृती' ही संकल्पना मांडली. त्यांची याविषयीची व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काही वाक्ये केवळ माहिती देत नाहीत, ती उच्चारताच एक कृती घडते. वचन देणे, क्षमा मागणे, निकाल देणे ही अशी कृत्ये आहेत. मात्र अशी कृती साधण्यासाठी काही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. बोलणाऱ्याला अधिकार हवा, प्रसंग योग्य हवा, आणि ऐकणाऱ्याला बोलणे कळायला हवे.

न्यायालयाने दिलेली समज ही अशीच भाषिक कृती आहे. येथे दंड नाही, कोठडी नाही, काम नाही. जे काही घडते ते न्यायाधीशांच्या चार वाक्यांत घडते. ती वाक्ये आरोपीला कळली नाहीत, तर कायद्याच्या दृष्टीने समज दिली गेली, पण मराठीच्या दृष्टीने ती मिळाली नाही. तुरुंगाचे दार कोणत्याही भाषेच्या मदतीवाचून बंद होते. तुरुंगाचे पर्याय मात्र ताकीद, वचन आणि अट अशा शब्दांचेच बनलेले असतात. या घटकातील मुख्य प्रतिपादन हेच आहे : पर्यायी उपायांत भाषा ही केवळ वाहन नसते, ती उपायाचाच भाग असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

रिकाम्या जागा भरा.
अ) अपराधी परिवीक्षा अधिनियम ______ साली संमत झाला.
आ) जॉन ऑगस्टस हा ______ शहरातील कारागीर होता.
इ) 'समज देणे' या प्रयोगात आकलन आणि ______ असे दोन अर्थ एकत्र येतात.

५.३.३ हमी

दुसरी वाट कलम ४ ची. ज्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप नाही, अशा गुन्ह्यात न्यायालय आरोपीला ताबडतोब शिक्षा न सुनावता सद्वर्तनाच्या बंधपत्रावर सोडू शकते. हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. न्यायालयाला आवश्यक वाटल्यास परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावता येते आणि ती एक वर्षापेक्षा कमी असू शकत नाही. आरोपी एकवीस वर्षांखालील असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर कलम ६ आणखी पुढे जाते. अशा तरुणाला कारावास देण्यापूर्वी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि तुरुंगाशिवाय इलाज का नाही, याची कारणे लिहावी लागतात. आपल्या उदाहरणातील तरुण वीस वर्षांचा आहे. त्याच्या बाबतीत तुरुंग हा अपवाद आणि परिवीक्षा हा नियम आहे.

या वाटेवर भेटणारे शब्द वेगवेगळ्या घराण्यांतून आलेले आहेत.

'जामीन' हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ हमी घेणारा माणूस. 'मी त्याला जामीन राहिलो' या प्रयोगात तो जुना अर्थ शिल्लक आहे. पुढे हमीच्या व्यवस्थेलाच 'जामीन' म्हणू लागलो आणि माणसासाठी 'जामीनदार' असा नवा शब्द घडवावा लागला.

'मुचलका' हा तुर्की वळणाचा शब्द फारसीतून मराठीत आला. त्याचा अर्थ लेखी बांधिलकी. 'जातमुचलका' या जोडशब्दाचा अर्थ वर्गात विचारला, की दरवर्षी कोणीतरी 'जातीचा दाखला' असे उत्तर देते. त्या विद्यार्थ्याला हसण्याचे कारण नाही. येथील 'जात' म्हणजे 'स्वतः'. 'जातीने लक्ष घालणे' या वाक्प्रचारात तीच 'जात' आहे. जातमुचलका म्हणजे दुसऱ्या कोणाला मध्ये न घालता माणसाने स्वतः लिहून दिलेली हमी. मराठी विषय घेऊन पदवीचे शिक्षण घेणाऱ्याचा असा गैरसमज होत असेल, तर तीन-चार इयत्ता शिकलेल्या आरोपीने या शब्दाखाली अंगठा उमटवताना काय समजायचे?

'परिवीक्षा' हा संस्कृतावरून घडवलेला शब्द आहे. परि + वि + ईक्ष् म्हणजे सर्व बाजूंनी नीट पाहणे. ज्या इंग्रजी संज्ञेसाठी तो योजला गेला, तिचे मूळ लॅटिनमध्ये असून तिच्यात 'सिद्ध करून दाखवणे' हा अर्थ आहे. म्हणजे तेथे भर आरोपीवर आहे, त्याने स्वतःला सिद्ध करायचे. मराठी शब्दात भर पाहणाऱ्यावर आहे. कायद्याला दोन्ही अभिप्रेत आहे. परिवीक्षा अधिकारी आरोपीच्या घरची परिस्थिती पाहतो, न्यायालयाला अहवाल देतो, देखरेख ठेवतो आणि शक्य तेथे काम मिळवून देण्यास मदत करतो.

या वाटेतील सर्वांत महत्त्वाचे भाषिक बंधन कलम ४ च्या उपकलम (५) मध्ये आहे. देखरेखीचा आदेश देणाऱ्या न्यायालयाने आदेशाच्या अटी आरोपीला समजावून सांगाव्यात आणि त्याची एकेक प्रत आरोपी, जामीनदार व परिवीक्षा अधिकारी यांना लगेच द्यावी, असे ते उपकलम सांगते. अटी वाचून दाखवणे आणि अटी समजावून सांगणे यांत फरक आहे. कायद्याने दुसरी गोष्ट सांगितली आहे.

हा फरक का महत्त्वाचा, ते कलम ९ वरून कळते. अट मोडली तर न्यायालय पहिल्या वेळी पन्नास रुपयांपर्यंत दंड करू शकते, किंवा मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते. समजा, देखरेखीच्या काळात राहण्याचे ठिकाण न बदलण्याची अट आहे. आपला तरुण मासेमारीच्या हंगामात न विचारता दुसऱ्या बंदरावर कामाला गेला. त्याच्या दृष्टीने ती रोजगाराची गोष्ट आहे. कायद्याच्या दृष्टीने तो अटीचा भंग आहे. ती अट त्याला कळलीच नसेल, तर तो चोरीमुळे नाही, एका न कळलेल्या वाक्यामुळे तुरुंगात जाईल.

कलम ४ ची दुसरी अडचणही पाहिली पाहिजे. आरोपीला किंवा त्याच्या जामीनदाराला न्यायालयाच्या कार्यक्षेत्रात कायमचे राहण्याचे ठिकाण अथवा नियमित व्यवसाय असावा, अशी अट आहे. वाडीतल्या तरुणाला काका-मामा जामीन राहतील. रत्नागिरीच्या बोटींवर परराज्यांतून आणि नेपाळातून आलेले खलाशी काम करतात, आंब्याच्या बागांवर नेपाळी राखणदार असतात. तीच चोरी त्यांच्यापैकी एखाद्याने केली, तर त्याला येथे घर नाही, ओळखीचा जामीनदार नाही आणि मराठीही पुरेशी येत नाही. कायद्याची वाट कागदावर दोघांसाठी सारखीच रुंद आहे, प्रत्यक्षात ती दुसऱ्यासाठी फार अरुंद होते. भाषेचा प्रश्न परक्यांपुरताही नाही. घरी संगमेश्वरी किंवा दालदी बोलणाऱ्या माणसाला 'निष्पादित' आणि 'अभिलेख' हे शब्द तितकेच परके असतात. राज्य शासनाने १९९८ मध्ये जिल्हा व तालुका पातळीवरील न्यायालयांची भाषा म्हणून मराठी निश्चित केली. न्यायालयात मराठी आली, पण ती कोणाची मराठी आहे, हा प्रश्न उरतोच.

५.३.४ सेवा

तिसरी वाट नवी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या संहितेत शिक्षांचे पाच प्रकार होते. नव्या संहितेच्या कलम ४ मध्ये 'सामुदायिक सेवा' हा सहावा प्रकार आला. ही शिक्षा मोजक्या गुन्ह्यांना लागू आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन केलेले गैरवर्तन, अब्रुनुकसानी ही त्यांतील काही उदाहरणे. चोरीच्या बाबतीत दोन अटी आहेत : आरोपी प्रथमच दोषी ठरलेला असावा आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असावी. आपल्या उदाहरणातील तरुण या दोन्ही अटी पूर्ण करतो.

सामुदायिक सेवेची व्याख्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ मध्ये आहे. न्यायालयाने शिक्षा म्हणून करायला सांगितलेले, समाजाला उपयोगी पडणारे आणि ज्याचा मोबदला मिळणार नाही असे काम, असा तिचा आशय आहे. काम कोणते, किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, हे संहितेत सांगितलेले नाही. म्हणून प्रत्येक आदेशात ते स्पष्ट शब्दांत लिहिले जाणे अत्यावश्यक ठरते.

'सेवा' हा शब्द मराठीत भक्तीच्या आणि परोपकाराच्या क्षेत्रातून येतो. सेवा स्वेच्छेने करायची असते. न्यायालयाच्या आदेशाने होणारे विनामोबदला काम स्वेच्छेचे नसते. अशा कामाला मराठीत दुसरा जुना शब्द आहे, 'वेठ'. रत्नागिरी जिल्ह्यात या शब्दाला इतिहास आहे. खोती पद्धतीत कुळांना खोताच्या घरी वेठ करावी लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या अधिनियमाने ही पद्धत संपली. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली आहे.

मग सेवा आणि वेठ यांतील सीमारेषा कोठे? ती तीन ठिकाणी आखता येते. सेवा ठरवण्यापूर्वी न्यायालयात दोष सिद्ध झालेला असतो. कामाचा लाभ कोणा एका धन्याला न होता समाजाला होतो. आणि काम मोजलेले असते, ते कधी संपते हे आरोपीला आधीच माहीत असते. यांत चौथी गोष्ट न्यायाधीशांच्या विवेकाची आहे. एखाद्याच्या जातीकडे बोट दाखवील असे काम त्याला दिले गेले, तर नाव सेवेचे राहील आणि अनुभव वेठीचा येईल.

५.३.५ बालकांसाठी शब्दांचा नियम

अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत कायदा भाषेविषयी थेट बोलतो. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ३ मध्ये काही मूलभूत तत्त्वे दिली आहेत. त्यांतील एक तत्त्व शब्दार्थविषयक आहे. बालकासंबंधीच्या कार्यवाहीत दोषारोप करणारे किंवा कलंक लावणारे शब्द वापरू नयेत, असे ते सांगते. शब्दार्थविचाराला अधिनियमाच्या कलमात इतके स्पष्ट स्थान मिळणे ही भाषेच्या अभ्यासकाने नोंद घ्यावी अशी बाब आहे. म्हणूनच 'बालगुन्हेगार' हा शब्द मागे पडून 'विधिसंघर्षग्रस्त बालक' ही संज्ञा आली.

याच कलमात वळणमार्गाचे तत्त्वही आहे : बालकाच्या किंवा समाजाच्या हिताला बाध येत नसेल तर न्यायालयीन कार्यवाहीबाहेरच्या उपायांना प्राधान्य द्यावे. बाल न्याय मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकते, समुपदेशनाला किंवा सामुदायिक सेवेला पाठवू शकते, अथवा पालकांच्या हमीवर सोडू शकते.

'विधिसंघर्षग्रस्त' हा शब्द कलंक लावत नाही, हे खरे. परंतु तो मुलाला आणि त्याच्या आईला कळतो का, असेही विचारले पाहिजे. शब्द निष्कलंक हवा आणि सुबोधही हवा. या दोन अपेक्षा एकाच वेळी पूर्ण करणे हे परिभाषा घडवणाऱ्यांपुढचे खरे आव्हान आहे.

५.३.६ आपसांत मिटवणे आणि वाळीत टाकणे

काही गुन्हे कायद्यानेच आपसांत मिटवता येण्याजोगे ठरवले आहेत. किरकोळ मारहाण, शिवीगाळ, शेजाऱ्यांचे तंटे असे अनेक वाद लोक-अदालतीत तडजोडीने संपतात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातील तंटे शक्य तेथे गावातच सामोपचाराने मिटावेत, हा तिचा हेतू होता.

या वाटेवर सावधगिरी आवश्यक आहे. कोकणात 'गावकी' ही संस्था जुनी आहे. तिने पाणंदी, पऱ्हे, उत्सव यांची व्यवस्था पिढ्यानपिढ्या सांभाळली. त्याच गावकीने काही ठिकाणी कुटुंबांना वाळीतही टाकले. त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक अधिनियम केला असून, त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. न्यायालयाच्या वळणमार्गात अट लेखी असते, काळ ठरलेला असतो आणि अपील करता येते. वाळीत टाकलेल्या घराला यांपैकी काहीच मिळत नाही. समाजाने न्यायात सहभागी होणे आणि समाजाने न्यायाधीश होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

५.३.७ आदेशाची मराठी : एक नमुना

आता प्रत्यक्ष भाषेकडे येऊ. पुढील मजकूर अभ्यासासाठी रचलेला आहे.

"ज्याअर्थी उपरोक्त आरोपी याची यापूर्वीची कोणतीही दोषसिद्धी अभिलेखावर आढळून येत नाही, त्याअर्थी त्यास तात्काळ शिक्षा न देता, पाचारण करण्यात येईल तेव्हा उपस्थित होऊन शिक्षा स्वीकारण्याबाबत व दरम्यानच्या एक वर्षाच्या कालावधीत परिवीक्षा अधिकारी यांच्या पर्यवेक्षणाखाली सद्वर्तनाने राहण्याबाबत आणि पूर्वानुमतीशिवाय निवासस्थान न बदलण्याबाबत जामीनदारासह बंधपत्र निष्पादित करून दिल्यानंतर मुक्त करण्यात यावे."

हे एकच वाक्य आहे. त्यात कर्ता स्पष्ट नाही, मुख्य क्रियापद शेवटी येते आणि तीन अटी 'बाबत' या शब्दाने एकामागून एक जोडल्या आहेत. ऐकणाऱ्याच्या स्मरणात शेवटचे शब्द राहतात : 'मुक्त करण्यात यावे'. आता हाच आशय समजावून सांगण्याच्या भाषेत मांडू.

"तुम्ही चोरी केली, हे सिद्ध झाले आहे. तुमचा हा पहिलाच गुन्हा आहे, म्हणून आज तुम्हाला शिक्षा दिलेली नाही. पण तुम्ही निर्दोष सुटलेला नाहीत. पुढचे एक वर्ष तीन गोष्टी पाळायच्या. नीट वागायचे, म्हणजे पुन्हा कोणताही गुन्हा करायचा नाही, आणि परिवीक्षा अधिकारी सांगतील तेव्हा त्यांना भेटायचे. राहण्याची जागा बदलायची असेल, तर आधी परवानगी घ्यायची. न्यायालयाने बोलावले, की हजर व्हायचे. हे मोडले तर या चोरीची शिक्षा होऊ शकते. तसे तुम्ही आणि तुमचे जामीनदार आज लिहून देणार आहात. आता यातले तुम्हाला काय कळले, ते तुमच्या शब्दांत सांगा."

दुसऱ्या मजकुरात पाच बदल केले आहेत. लांब वाक्य तोडले. अटी वेगळ्या केल्या. अट मोडल्याचा परिणाम सांगितला. 'तुम्ही' हे सर्वनाम वापरले, कारण आरोपीलाही प्रतिष्ठा असते आणि आदराने सांगितलेले अधिक ऐकले जाते. शेवटी आरोपीलाच बोलायला लावले, कारण समज पोहोचली की नाही, हे तपासण्याचा तोच खात्रीचा उपाय आहे.

याचा अर्थ पहिला मजकूर निरुपयोगी आहे, असा नाही. अपिलात टिकण्यासाठी आदेश नेमक्या परिभाषेत असावा लागतो. भाषा संचालनालयाचा 'न्यायव्यवहार कोश' याच नेमकेपणासाठी आहे. परंतु आदेश लिहिणे आणि आदेश समजावणे ही दोन कामे आहेत आणि कायद्याने दोन्ही सांगितली आहेत.

समजावण्याची गरज आरोपीपुरतीच नसते. ज्याचे जाळे चोरीला गेले, त्या होडीमालकाच्या कानावर 'तो सुटला' एवढेच येते. 'सुटका' या एका शब्दात निर्दोष मुक्तता, जामिनावरील सुटका आणि परिवीक्षेवरील सुटका या तिन्ही गोष्टी आपण कोंबतो. वर्तमानपत्रांचे मथळेही तेच करतात. होडीमालकाला असे वाटते की आपल्याला न्याय मिळाला नाही. कलम ५ नुसार त्याला नुकसानभरपाई देण्याचा आदेश न्यायालय करू शकते, हेही त्याला ठाऊक नसते. ज्या व्यवस्थेत आरोपीला अट कळत नाही आणि फिर्यादीला निकाल कळत नाही, ती व्यवस्था कितीही उदार असली तरी तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. मग 'यापेक्षा तुरुंग बरा' हे मत बळावते.

५.४ सारांश

किरकोळ गुन्ह्यांसाठी भारतीय कायद्यात समज, परिवीक्षा आणि सामुदायिक सेवा असे तुरुंगाचे पर्याय आहेत. एकवीस वर्षांखालील तरुणांच्या बाबतीत तुरुंग टाळणे हाच नियम आहे. कलम १२ नुसार समज किंवा परिवीक्षा मिळालेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, मात्र दोष सिद्ध झाल्याची नोंद पुसली जात नाही. हे सर्व पर्याय शब्दांनी बनलेले आहेत. म्हणून ते शब्द आरोपीला, जामीनदाराला आणि फिर्यादीला कळणे ही त्यांच्या यशाची पूर्वअट आहे. मराठीच्या पदवीधराला दुभाषा, अनुवादक, न्यायालयीन लिपिक किंवा विधी सेवा प्राधिकरणाचा स्वयंसेवक म्हणून या क्षेत्रात काम करता येते. अशा कामात त्याने निवडलेल्या एका सोप्या क्रियापदावर एखाद्या तरुणाचे वर्ष अवलंबून असू शकते.

५.५ पारिभाषिक शब्द

अभिलेख : कार्यालयीन किंवा न्यायालयीन नोंदी, दप्तर.
जातमुचलका : स्वतःच्या नावाने लिहून दिलेली हमी.
दोषसिद्धी : न्यायालयाने दोषी ठरवणे.
निष्पादित करणे : दस्तऐवज सहीनिशी पूर्ण करून देणे.
परिवीक्षा : शिक्षा न देता ठरावीक काळ अटींवर व देखरेखीखाली मोकळे ठेवणे.
पाचारण : बोलावणे.

५.६ स्वयं-अध्ययन प्रश्नाची उत्तरे

प्रश्न – १ : अ) १९५८ आ) बोस्टन इ) ताकीद

५.७ सरावासाठी स्वाध्याय

१) 'पर्यायी उपायांत भाषा ही उपायाचाच भाग असते.' हे विधान 'समज' या संज्ञेच्या आधारे स्पष्ट करा.
२) 'सेवा' आणि 'वेठ' या शब्दांतील अर्थभेद खोती पद्धतीच्या संदर्भात लिहा.
३) वर्तमानपत्रातील 'सुटका' हा शब्द असलेल्या पाच बातम्या जमवा. प्रत्येक ठिकाणी कोणत्या प्रकारची सुटका अभिप्रेत आहे, ते ठरवा.
४) ५.३.७ मधील आदेशाचा आशय आपल्या घरच्या बोलीत सांगा. तो घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला ऐकवा आणि त्यांना काय कळले, ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.